चालताना पोटरी भरते आणि थांबलं की थांबते, हे वयाचं दुखणं नाही

पत्र :

डॉक्टरताई, माझे बाबा ६४ वर्षांचे आहेत, एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. आम्ही सातारा जिल्ह्यातले. चौदा वर्षांपासून शुगर आहे, बिडी सोडली पण तंबाखू-चुना चालूच. गेले आठ महिने थोडं चाललं की डावी पोटरी गच्च भरून येते, थांबले की दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं, परत चालले की परत तेच. आम्हाला कळू नये म्हणून रस्त्यात थांबून फ्लेक्स वाचत उभे राहायचे. आधी मणक्यात गॅप आहे म्हणाले, कॅल्शियम झालं, मलम झालं, मालिशवाला झाला. दीड महिन्यापूर्वी नवीन चप्पल लागून डाव्या पायाच्या मधल्या बोटाला जखम झाली ती भरतच नाही, आता टोक काळं पडलंय. रात्री झोपत नाहीत, पाय कॉटखाली सोडून बसतात. एका डॉक्टरांनी बोट कापायला सांगितलं, दुसऱ्यांनी एबीआय नावाची टेस्ट केली, डावा ०.५२ आणि उजवा १.४६ आला, ते म्हणाले पुण्याला जाऊन अँजिओग्राफी करा. चुलते म्हणतात शुगरवाल्याच्या पायाला एकदा ब्लेड लागलं की वरवर कापतच नेतात. बाबा म्हणतात दहा दिवसांवर यात्रा आहे, देवाला अनवाणी जायचा नेम आहे, ती झाली की बघू. गोळ्यांनी होणार नाही का? चालायला लावायचं की झोपवून ठेवायचं? खूप घाबरलेय.

उत्तर :

बाळ, आधी एक गोष्ट, बाकी सगळं नंतर वाच. यात्रेपर्यंत थांबायचं नाही. या आठवड्यातच बाबांना व्हॅस्क्युलर सर्जनला दाखव, म्हणजे जे रक्तवाहिन्यांचंच काम करतात त्यांना. काळं पडलेलं बोट, दीड महिना न भरणारी जखम आणि रात्री पाय खाली सोडल्याशिवाय चैन न पडणं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तो पाय धोक्यात आहे असंच धरून चालायचं. आणि जखमेला वास यायला लागला, पू दिसला, लाली वर चढायला लागली, ताप किंवा थंडी वाजून आली, तर आठवडा पण नाही, त्याच दिवशी ॲडमिट. तशा वेळी आतला पू आधी बाहेर काढावाच लागतो, तिथे थांबून चालत नाही.

आता बाबांना समजेल अशा भाषेत सांगते, कारण त्यांना पटल्याशिवाय तू त्यांना गाडीत बसवू शकणार नाहीस. त्यांना विचार, डिझेल फिल्टर चोक झालेली गाडी स्टँडवर उभी असताना कशी चालते? मस्त चालते, कुणाला काही कळत नाही. सपाटीला पण ओढते. खंबाटकीचा घाट लागला, इंजिनाला डिझेल जास्त लागायला लागलं, की दम तोडते. बाजूला घेऊन पाच मिनिटं उभी केली की परत थोडी चालते. त्यांच्या पोटरीचं हेच झालंय. पायाला रक्त नेणारी नळी आतून चरबी आणि चुन्यासारख्या थराने अरुंद झालीय, बसलेलं असताना जेवढं रक्त येतं तेवढं पुरतं, चालायला लागलं की स्नायूला कितीतरी पट जास्त लागतं आणि ते येत नाही म्हणून तो आवळतो, भरून येतो, थांबलं की मागणी कमी होते आणि दुखणं जातं. आता रात्री दुखतंय याचा अर्थ गाडी उभी असताना पण डिझेल पुरेना झालंय. पाय खाली सोडला की रक्त उतारावरून थोडं जास्त उतरतं म्हणून बरं वाटतं, ते काही नाटक नाही किंवा सवय नाही, त्यांच्या शरीराने स्वतःच शोधलेला उपाय आहे तो.

यालाच पेरिफेरल आर्टेरियल डिसीज म्हणतात, पीएडी. आपण शाळेत रोहिणी आणि नीला शिकलो होतो बघ, त्यातली ही रोहिणी. लोकांचा इथेच घोळ होतो, पायावर फुगलेल्या निळ्या शिरा दिसतात तो व्हेरिकोज व्हेन्सचा प्रकार वेगळा, तो नीलेचा, त्यात रक्त खालून वर नीट परत जात नाही. बाबांच्या बाबतीत रक्त वरून खाली पोचतच नाहीये. म्हणून शेजारचं कुणी घट्ट स्टॉकिंग आणून दिलं तर अजिबात घालू नका, आधीच कमी असलेलं रक्त अजून आवळलं जाईल.

फ्लेक्स वाचत उभे राहायचे हे वाचून मला भरून आलं. जर्मनीत या आजाराला बोलीभाषेत दुकानाच्या काचा बघण्याचा आजार असंच म्हणतात, कारण तिकडची माणसं पण दुखायला लागलं की लाज वाटते म्हणून दुकानासमोर उभी राहतात आणि काचेतलं सामान बघतोय असं दाखवतात. इतकी जगभर सारखी खूण आहे ही, तरी आपल्याकडे वयोमानाने होतं म्हणून सोडून देतात. वयाने गुडघा दुखतो, पण गुडघा पहिल्या पावलापासून दुखतो. ठराविक अंतर गेल्यावरच पोटरी भरणं आणि नुसतं उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत जाणं, हे रक्ताचं दुखणं आहे. मणक्याच्या दुखण्याने पण चालताना पाय भरतात, खरंय, पण त्यात नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं, त्या माणसाला सायकल चालवायला त्रास होत नाही पण ताठ चालता येत नाही. साठीनंतर एमआरआय काढला तर बहुतेकांच्या मणक्यात काहीतरी सापडतंच गं, म्हणून तेच कारण असतं असं नाही. आठ महिन्यांत कुणीतरी बाबांच्या पावलावर दोन बोटं ठेवून नाडी बघायला हवी होती, एवढीच माझी तक्रार आहे, त्याला मशीन लागत नाही आणि पैसे लागत नाहीत.

आता तो रिपोर्ट. एबीआय म्हणजे घोट्याजवळचं वरचं बीपी भागिले दंडावरचं वरचं बीपी. दंडावर १५० आणि घोट्यावर ७८ असेल तर ०.५२. साधारण १ ते १.४ नॉर्मल, ०.९ किंवा त्याखाली गेलं की आजार आहे, ०.४ च्या खाली म्हणजे फारच वाईट. डाव्याचं तर स्पष्टच आहे. पण उजवा १.४६ आला म्हणून तो पाय एकदम चांगला असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाक. बरीच वर्षं शुगर असली की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठून त्या पाइपासारख्या कडक होतात, बीपीच्या पट्ट्याने दाबल्याच जात नाहीत आणि आकडा खोटा वाढून येतो. १.४ च्या वर म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, या पायाबद्दल ही टेस्ट काही सांगू शकत नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि नीट ऐक, याच कारणाने डाव्याचा ०.५२ पण खरा त्याहून कमी असू शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजतात कारण बोटांतल्या बारीक वाहिन्या सहसा तेवढ्या कडक होत नाहीत, अंगठ्याचं दंडाशी गुणोत्तर ०.७ किंवा कमी आलं तर तिथेही आजार आहे. तर दोन्ही पायांचं अंगठ्याचं प्रेशर आणि कलर डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, झालंय का हे विचार. अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांचे एक्स-रे फोटो काढताना, जो डाय टोचतात त्याने किडनीवर ताण येऊ शकतो म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ताची टेस्ट, बघतात, बाबांच्या शुगरच्या गोळ्यांची नावं त्यांना नक्की सांग कारण काही गोळ्या तेवढ्यापुरत्या बंद ठेवाव्या लागतात.

चुलत्यांच्या बोलण्याचं काय करायचं ते सांगते. ते खोटं बोलत नाहीत, त्यांनी तसं बघितलंय. मी पण बघितलंय. माझे सख्खे मामा, मी तेव्हा मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. करंगळी काळी पडली, कापली, जखम भरली नाही. मग अर्धं पाऊल गेलं, ते पण भरलं नाही, मग गुडघ्याखाली. चार महिन्यांत तीन ऑपरेशनं. मामी म्हणायची ब्लेड लागलं म्हणून पसरलं. पुढे मी शिकले तेव्हा मला कळलं की ब्लेडमुळे काहीच पसरलं नव्हतं, जिथे कापलं तिथे रक्तच पोचत नव्हतं. जखम भरायला साध्या त्वचेला लागतं त्याच्यापेक्षा जास्त रक्त लागतं, जिथे तेवढं नाही तिथे कितीही सफाईने कापा, टाके घाला, महागातली ॲंटिबायोटिक द्या (औषध पण रक्तातूनच जातं ना), ती कड काळी पडणारच. मामांच्या पायातला अडथळा कुठे आहे हे तीन ऑपरेशनांत एकदाही कुणी बघितलं नाही. त्यानंतर इतक्या वर्षांत मी एकही पेशंट असा सोडला नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर, बोट कापायचं की नाही हा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न, रक्त कुठे अडलंय आणि ते मोकळं करता येईल का. ते मोकळं झालं की मग कदाचित मेलेलं टोक काढावं लागेल, पण ती जखम भरेल. पू झालेला असेल तेवढाच अपवाद, तो वर लिहिला. कोरडं काळं टोक असेल तर ते तसंच कोरडं ठेवा, गरम पाण्यात बुडवू नका, हळद-तेल लावू नका, खपली ओढू नका, आजूबाजूच्या बोटांमधे कोरडा गॉज ठेवा.

मोकळं करायचे रस्ते दोन. एक अँजिओप्लास्टी, जांघेतून बारीक तार घालून अडथळ्यापर्यंत जातात, फुगा फुगवतात, लागला तर स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकतात, सहसा पूर्ण भूल लागत नाही. दुसरा बायपास, पायातलीच एक नीला काढून तिचा वळणरस्ता करतात, एसटीवाल्याला बायपास समजावून सांगायला नको. कुठलं चांगलं याच्यावर डॉक्टरांमधेही एकमत नाही, २०२२ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत ज्यांच्या पायात चांगली नीला शिल्लक होती त्यांना आधी बायपास केलेलं फायद्याचं ठरलं आणि २०२३ च्या ब्रिटिश चाचणीत गुडघ्याखालच्या आजारात आधी अँजिओप्लास्टी केलेली बरी ठरली. त्यामुळे सर्जनला मोकळेपणाने विचार की बाबांचा अडथळा मांडीत आहे की गुडघ्याखाली, नीला कशी आहे, आणि तुम्ही दोन्ही करता का. शुगरवाल्यांचा आजार बहुतेक वेळा गुडघ्याखाली असतो, तिथल्या वाहिन्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या, फुग्याने उघडलेली वाहिनी काही महिन्यांनी परत अरुंद होऊ शकते. तेव्हा लोक म्हणतात पैसे वाया गेले. मला तसं वाटत नाही, कारण त्या काही महिन्यांत जखम भरून आली तर पाय वाचला, भरलेल्या त्वचेला मग कमी रक्त पुरतं.

बाबा घाबरत असतील तर त्यांना ही गोष्ट सांग. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टने हे पहिल्यांदा केलं, हृदयावर नाही बरं का, पायावरच. ८२ वर्षांच्या एक आजी होत्या, बोटं काळी पडलेली, सर्जन पाय कापा म्हणत होते आणि आजी नाही म्हणत होत्या. त्याने मांडीतला अरुंद भाग आतून नळ्या घालून रुंद केला, पाय गरम झाला, जखम भरली. पुढे दोन वर्षांहून जास्त त्या जगल्या आणि शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर. हृदयाची फुग्याची अँजिओप्लास्टी त्यानंतर तेरा वर्षांनी आली.

गोळ्यांनी होईल का? बाबांचा पाय ज्या टप्प्यावर आहे तिथे नुसत्या गोळ्यांनी नाही होणार, हे मी गोल गोल न बोलता सांगते. पण गोळ्यांशिवाय तर काहीच होणार नाही. अँजिओप्लास्टीने एक जागा मोकळी होते, आजार सगळ्या अंगातल्या रोहिण्यांत असतो, हृदयाच्या आणि मेंदूच्या सुद्धा, आणि पीएडीच्या माणसाला पाय जाण्यापेक्षा हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसची भीती जास्त असते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन. कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे मग गोळी कशाला, असं म्हणून ती बंद करतात बरेच जण, तसं करायचं नाही. ज्याच्या वाहिनीत थर साठलेलाच आहे त्याच्यासाठी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली, जमलं तर ५५ च्याही खाली हवं, प्रयोगशाळेच्या कागदावरचा नॉर्मल त्याला लागू नाही. काहींना ॲस्पिरिनसोबत रिव्हारोक्साबॅन २.५ मिलिग्रॅम दोन वेळा देतात, त्यात रक्तस्राव वाढतो म्हणून तो निर्णय डॉक्टरांचाच. सिलोस्टाझॉल नावाची गोळी आहे, तिने चालायचं अंतर वाढतं, पण हार्ट फेल्युअर असेल तर ती द्यायचीच नाही, म्हणून कुणाच्या चिठ्ठीवरून आणून देऊ नकोस. आणि मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद, शुगरवाल्याच्या किडनीला त्या परवडत नाहीत.

तंबाखू. बिडी सोडली ही मोठी गोष्ट केली त्यांनी, ड्युटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते किती अवघड असतं मला माहितीय. पण चुन्यासोबत गालात जी राहते तिच्यातही निकोटीनच आहे, ते वाहिन्या आवळतं. ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी तंबाखू चालू राहिली तर ती वाहिनी परत बंद व्हायची शक्यता वाढते. ओरडून कुणी सोडत नाही गं, १८००-११-२३५६ ही सरकारी फुकट हेल्पलाइन आहे तंबाखू सोडवणारी, त्यावर त्यांनाच बोलू दे. आणि आई मिसरी लावत असेल तर तिला पण सांग, ती पण तंबाखूच. (तुझ्या भावाबिवाला बिडी-सिगरेट असेल तर हे पण सांग की चाळिशीच्या आतल्या पोरांचे पाय याच्यामुळे जातात, बर्गर डिसीज म्हणून वेगळा आजार आहे, शुगर नाही कोलेस्टेरॉल नाही, नुसती तंबाखू, आणि त्याला तंबाखू पूर्ण सोडणं हाच खरा उपाय. आपल्याकडे बिडीवाल्यांत खूप बघितलाय मी.)

चालायचं की झोपायचं? आत्ता जखम आहे तोवर त्या पायावर भार देऊन चालायला लावू नकोस, घरातल्या घरात गरजेपुरतं. जखम भरल्यावर मात्र चालणं हेच औषध, आणि ते नुसतं फिरायला जा असं नाही. पोटरी चांगली दुखायला लागेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की परत चालायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, निदान तीन महिने. दुखतंय म्हणजे नुकसान होतंय अशी भीती वाटते सगळ्यांना, तसं नसतं, त्याने स्नायू कमी रक्तात काम करायला शिकतो आणि अंतर खरंच वाढतं. ज्यांना नुसती पोटरी भरते आणि जखम नाही, त्यांच्यापैकी पुष्कळ जणांना तंबाखू सोडणं, गोळ्या आणि हे चालणं एवढ्यावरच ऑपरेशन लागत नाही. बाबा आठ महिन्यांपूर्वी त्याच टप्प्यावर होते. तुला दोष देत नाहीये, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितेय.

पाय गार पडतो म्हणून शेकायचा मोह होईल, गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वीट, शेगडी, काही म्हणजे काही नको. शुगरने पायाची जाणीव गेलेली असते, भाजलेलं कळत नाही, सकाळी फोड दिसतो. लोकरीचा सैल मोजा घाला, बास. उजवा पाय रोज रात्री उजेडात बघायचा, बोटांच्या बेचक्यात सुद्धा, कुरूप ब्लेडने कापायचं नाही, चप्पल घ्यायची तर संध्याकाळी घ्यायची आणि घरात पण चप्पल. अनवाणी देवाला जायचा नेम यंदा आईने किंवा तू पूर्ण कर, बाबांना मंदिराच्या दारापर्यंत गाडीने पुढच्या वर्षी ने.

एक गोष्ट फ्रिजवर लिहून चिकटव. कुठलाही पाय अचानक, म्हणजे तासाभरात, जोरात दुखायला लागला, पांढरा-गार पडला, बधिर झाला, बोटं हलेनात, तर ती गुठळी आहे, हातात सहा तास आहेत असं समजायचं. मालिश नाही, सकाळची वाट नाही, थेट मोठं हॉस्पिटल आणि फोनवर आधी विचारायचं की व्हॅस्क्युलर सर्जन आहेत का.

पैशाचं तू लिहिलं नाहीस पण मला अंदाज आहे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर घे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, ॲडमिट व्हायच्या आधीच त्यांना विचार की बाबांचं हे ऑपरेशन यादीत बसतं का आणि हे हॉस्पिटल त्या ऑपरेशनसाठी योजनेत आहे का, नंतर विचारून उपयोग होत नाही. एसटीकडून रिटायर झालेल्यांना काही मिळतं का ते बाबांच्या डेपोत फोन करून बघ.

जाताना एबीआयचा कागद, शुगरचे तीन महिन्यांच्या सरासरीचे रिपोर्ट, क्रिएटिनिन, चालू गोळ्यांची पाकिटं तशीच पिशवीत टाकून ने, आणि मोबाइलमधे जखमेचे आधीचे फोटो असतील तर तारखेसकट दाखव. तिथे गेल्यावर दोन्ही मोजे काढायला लाव बाबांना, नुसता डावा नाही. सर्जनने दोन्ही पावलांवर, घोट्यामागे, गुडघ्यामागे आणि जांघेत बोटं ठेवून नाडी बघितली का ते तू स्वतः बघ, आणि बोट कापायचा कागद सहीसाठी समोर आला तर सही करायच्या आधी एकच विचार, इथे रक्त पोचतंय का आणि ते तुम्ही कशावरून ठरवलं. अँजिओग्राफी झाली की मला लगेच लिही, मी वाट बघतेय.